इंजिनाचा श्वास

पुणें जिल्ह्याच्या अगदीं आग्नेय टोंकास, इंदापूर तालुक्यांत, नीरा नदी भीमेस जेथें मिळते तेथें नरसिंहपूर हें क्षेत्र वसलें आहे. लक्ष्मी-नृसिंहाचें देवालय, त्याच्या खालीं नदींत उतरत गेलेले दगडी घांट आणि वैशाखांतील नृसिंहजयंतीचा उत्सव यांमुळें हें गांव महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु देवदर्शन आटोपून जो कोणी यात्रेकरू पूर्वीं सायंकाळीं त्या पायऱ्यांवर घटकाभर टेकत असे, त्याच्या कानांवर आरतीच्या घंटेबरोबर आणखी एक आवाज पडत असे. ऐलतीरीं किंवा पैलतीरीं, कोणाच्या तरी मळ्यांत, तेलाचें इंजिन एका लयींत ठकठकत असे. पुढें वीज आली, विजेचे पंप आले. वर भीमेवर उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि ऊस वाढला. इंजिनें मागें पडलीं खरीं, पण तीं नाहींशीं झालीं नाहींत. वीज रात्रीं-बेरात्रीं येते, कधीं येतच नाहीं, आणि उसास पाणी तर वेळेवर हवें असतें. तेव्हां गोठ्याच्या कोंपऱ्यांत ताडपत्रीखालीं झांकून ठेवलेलें इंजिन पुनः बाहेर निघतें. या भागांतले लोक त्यास प्रेमानें 'इंजान' म्हणतात.

या इंजानास तेल किती लागतें हें त्याच्या धन्यास तोंडपाठ असतें. किती लिटर तेलांत किती वाफे भिजतात, हा हिशेब तो झोंपेंतही चुकणार नाहीं. पण तेंच इंजिन हवा किती खातें, असें त्यास कोणी विचारलें तर तो विचारणाराकडे पाहून हंसेल. हवा फुकट आहे. फुकटच्या वस्तूचा हिशेब कोण ठेवतो? आणि इंजिन बिघडलें म्हणजे जो घोटाळा होतो त्याचें मूळ पुष्कळ वेळां या न ठेवलेल्या हिशेबांतच असतें.

समजा, चैत्र संपत आला आहे. सुरू हंगामाची लागण गुडघ्याएवढी झाली आहे. नदींत पाणी आहे, परंतु इंजिन काळा धूर ओकत आहे, दम टाकीत आहे, आणि पंपाची धार मनगटाएवढी होती ती अंगठ्याएवढी झाली आहे. मेस्त्री येतो. शेतकरी म्हणतो, "मेस्त्री, चार दिसांत पाणी न्हाई बसलं तर लागण गेली म्हणून समजा." मेस्त्री धुराकडे पाहतो, कान देतो आणि म्हणतो, "तात्या, नोझल गेलंय. नवं टाकूं." नवें नोझल येतें. धूर थोडा कमी झाल्यासारखा वाटतो; दुसऱ्या दिवशीं पुनः तोच. मग तेलाचा पंप सोडवून तालुक्याच्या गांवीं पाठविला जातो. दोन दिवस तेथें मोडतात. मग हेड उघडतें, रिंगा बदलतात. एवढें सारें होईपर्यंत आठ दिवस जातात, हातउसने पैसे संपतात आणि लागण पिंवळी पडते. अखेरीस कोणीतरी हवा गाळण्याचा डबा उघडून पाहतो, तों त्यांतील तेल वाळलेलें, आणि त्यावर मातीचा व भुशाचा असा गिलावा बसलेला, कीं त्यांतून मुंगीनेंही श्वास घेऊं नये! कधीं कधीं तर हवेच्या नळींत कुंभारीण माशीनें आपलें मातीचें घर बांधलेलें सांपडतें.

यांत मेस्त्रीस दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. काळा धूर म्हणजे तेल जितकें आलें तितकें जळलें नाहीं, एवढेंच. तेल न जळण्याचीं कारणें दोन: एक तर तेल नीट फवारलें गेलें नाहीं, किंवा त्यास हवा पुरली नाहीं. नोझल खरोखरच पुष्कळदां बिघडतें, म्हणून मेस्त्रीचें बोट प्रथम तिकडे जातें. शिवाय तेलाची बाजू डोळ्यांनीं दिसते, हातास लागते. हवा दिसत नाहीं. जी दिसत नाहीं ती मोजल्यावांचून समजत नाहीं, आणि हवा मोजणें म्हणजे मोठ्या शहरांतील प्रयोगशाळेचें काम, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि नरसिंहपुरासारख्या गांवांतील कोणत्याही पत्र्याच्या छपराखालच्या कारखान्यांत ती चुकीची ठरवितां येते, हाच आजचा विषय होय.

प्रथम इंजिन हवा खातें किती तें पाहूं जाणें बरें. पांच अश्वशक्तीचें एक नेहमींच्या मापाचें डीझेल इंजिन घ्यावें. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ११० मिलिमीटर असते. म्हणजे पिस्टन एकदां खालीं आला कीं ५५३ घन सेंटिमीटर, सुमारें अर्ध्या लिटरास थोडी वर, एवढी जागा मोकळी होते. इंजिन मिनिटास १५०० फेरे करतें. चार धांवांच्या इंजिनांत दोन फेऱ्यांस एक श्वास, म्हणून मिनिटास ७५० श्वास. प्रत्येक श्वास पुरा भरला असता तर सेकंदास सुमारें ६.९ लिटर हवा आंत गेली असती. पण कोणत्याही इंजिनाचा श्वास पुरा भरत नाहीं. झडपेच्या फटींतून, नळीच्या वळणांतून यावयाचें, तेंही सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत. तेव्हां शेंकडा ८५ भरला तरी इंजिन निरोगी समजावें. म्हणजे सेकंदास जवळ जवळ ५.९ लिटर. तासाचा हिशेब केला तर ही हवा २१ घनमीटर होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व साडेसात फूट उंच अशा खोलींत जेवढी हवा मावते तेवढी! एवढा मोठा खुराक, आणि त्याचा हिशेब मात्र शून्य.

आतां तेलाशीं त्याची सांगड घालावी. एक किलो डीझेल पुरें जळण्यास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. हें झालें पुस्तकांतलें माप. प्रत्यक्षांत फवाऱ्याच्या प्रत्येक थेंबास सेकंदाच्या कांहीं हजारांश भागांत आपली हवा शोधून घ्यावयाची असते. म्हणून हवा वरकड असावी लागते. एका किलोस अठरा-वीस किलोंच्या खालीं हवा गेली कीं धूर दिसूं लागतो. वरील इंजिन पूर्ण भारावर तासास ९०० ग्रॅमांच्या आसपास तेल घेतें. या पठारावर उन्हाळ्यांत एक लिटर हवेचें वजन सुमारें १.१ ग्रॅम धरलें, तर तासाची हवा २३ किलो होते; म्हणजे एका किलो तेलास पंचवीस किलो. इंजिन सुखांत आहे. हीच हवा एक चतुर्थांशानें घटली कीं प्रमाण अठरा-एकोणिसांवर येतें आणि धुराचा काळा पडदा उभा राहतो. नोझल नवें असो वा जुनें, त्या बिचाऱ्याचा येथें कांहीं अपराध नसतो.

ही हवा मोजण्याची रीत नवी नाहीं. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांस ती शिकविली जाते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था इंजिनें व मोटारी यांच्या परीक्षेचें काम करते. तेथें तर मौल्यवान यंत्रें आहेत. पण महाविद्यालयांतलें साधन झांकण काढून पाहिलें तर तें एक मोठा डबा, एक भोंक पाडलेला पत्रा आणि पाण्यानें भरलेली वांकडी नळी, एवढेंच निघतें. बाकी सारा रंग आणि पितळेची पाटी.

आणि घरगुती साधनांनीं हवेचें माप घेण्याची परंपरा कांहीं हलकी नाहीं. अमेरिकेंत डेटन गांवीं सायकलींचें दुकान चालविणारे राइट बंधु यांनीं १९०१ सालच्या शरदृतूंत एक सहा फुटी लांकडी पेटी केली, तिच्या एका तोंडाशीं पंखा बसविला, आणि करवतीचीं जुनीं पातीं व सायकलीच्या आऱ्यांची तार यांचा तराजू करून पंखांचे शेंकडों लहान नमुने त्या वाऱ्यांत तोलले. त्याच सुमारास त्यांस असेंही आढळून आलें कीं, वाऱ्याच्या दाबाचा जो आंकडा एक शतकाहून अधिक काळ विद्वान् लोक प्रमाण मानीत आले तो सुमारें दीडपट मोठा आहे. त्यांच्या तराजूंतली खुबी अशी कीं, वाऱ्याचा वेग नेमका किती याची त्यास पर्वाच नव्हती. तो एका दाबाशीं दुसऱ्या दाबाची तुलना करी. इकडे महाराष्ट्रांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचाही आरंभ बेळगांवच्या सायकलींच्या दुकानांतच झाला. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, जिचीं इंजिनें नीरा-भीमेच्या कांठींही पाणी उपसूं लागलीं. सायकलीच्या दुकानांत असें काय असतें कोण जाणे. बहुधा हातांत पाना असतो आणि गिऱ्हाईक येण्याच्या मधला वेळ मोकळा असतो.

आतां साधनाकडे वळूं या. मुख्य वस्तु म्हणजे २०० लिटरांचें लोखंडी पिंप. पिंप कशास? तर इंजिन हवा सलग घेत नाहीं, घोट घोट घेतें. सेकंदास साडेबारा घोट. मापाचें भोंक इंजिनाच्या तोंडाशींच लावलें तर नळींतलें पाणी थयथयाट करील आणि त्यावरून काढलेला आंकडा खोटा येईल. मध्यें पिंप असलें म्हणजे तें भात्यासारखें हे धक्के पोटांत घेतें आणि भोंकांतून हवा संथ वाहते. अर्ध्या लिटराच्या घोटास २०० लिटरांचें पिंप म्हणजे साडेतीनशें पटींहून अधिक, एवढें पुरतें.

परंतु पिंपाविषयीं एक इशारा येथेंच दिला पाहिजे, आणि तो श्रोत्यांनीं हलक्या कानानें ऐकूं नये. ज्या पिंपांत कधीं काळीं पेट्रोल, रॉकेल किंवा डीझेल होतें तें रिकामें दिसलें तरी रिकामें नसतें. त्यांत वाफ असते. अशा पिंपास वेल्डिंगची ज्योत किंवा छिन्नीची ठिणगी लागली कीं तें बॉम्बगोळ्यासारखें फुटतें. अशा अपघातांत माणसें मेलीं आहेत. म्हणून गुऱ्हाळावरचें काकवीचें किंवा नुसतें पाणी भरावयाचें पिंप घ्यावें, आणि काम शक्यतों बोल्ट व रबर यांवर भागवावें.

पिंपाच्या एका बुडास तळहाताएवढें भोंक पाडून त्यावर एक पत्रा बोल्टांनीं बसवावा. मध्यें मोटारीच्या जुन्या ट्यूबच्या रबराचें गॅस्केट घालावें. या पत्र्याच्या मध्यावर जें भोंक, तेंच सर्व मापाचा प्राण होय. तें बरोबर २० मिलिमीटरांचें, लेथवर कापलेलें असावें. त्यांत एका मिलिमीटराची चूक झाली तर क्षेत्रफळांत शेंकडा दहांची चूक होते, आणि ती शेवटच्या आंकड्यांत जशीच्या तशी उतरते. भोंकाची बाहेरची कड, म्हणजे जिकडून हवा येते ती, सुरीसारखी तीक्ष्ण हवी; आंतली बाजू उतरती कापावी. कानशीनें कड गुळगुळीत करण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो आवरावा. तीक्ष्ण कडेवरून वळतांना हवेची धार आंवळली जाते आणि भोंकाच्या क्षेत्रफळाच्या सुमारें सहा-दशांश एवढीच उरते. पाण्याच्या धारेचें हें आंवळणें न्यूटनच्याही नजरेस आलें होतें. कड तीक्ष्ण असली तर हा सहा-दशांशाचा नियम पक्का पाळला जातो; कड गोल झाली कीं भोंकागणिक निराळा.

पिंपाच्या दुसऱ्या बुडापासून इंजिनाच्या हवेच्या तोंडापर्यंत नळी न्यावयाची. तिच्यासाठीं शेतकऱ्याच्या घरीं पंपाचा जो वळ्यांचा जाड सक्शन पाईप असतो त्याचाच हातभर तुकडा उत्तम. अरुंद नळी वापरली तर तीच इंजिनाचा गळा दाबील आणि मग दुखणें कोणतें व औषध कोणतें हेंच कळेनासें होईल. तिसरी वस्तु मापाची नळी. गवंडी ज्या पारदर्शक नळींत पाणी भरून भिंतीची पाणसळ पाहतात, तीच नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वांकवून फळीवर ठोकावी, मागें शाळेंतली मोजपट्टी चिकटवावी, निम्म्यापर्यंत पाणी भरावें आणि दिसण्यास सोपें जावें म्हणून त्यांत चिमूटभर नीळ टाकावी. नळीचें एक तोंड पिंपाच्या अंगास, भोंकाच्या धारेपासून दूर, जोडावें. दुसरें उघडें ठेवावें.

जोडणी झाली कीं इंजिन सुरू करून एक पेटलेली उदबत्ती पिंपाच्या प्रत्येक सांध्यावरून फिरवावी. जेथें धूर आंत ओढला जाईल तेथें गळती आहे असें समजावें. कारण चोरवाटेनें आलेली हवा मापांत येत नाहीं, आणि इंजिन निरोगी असूनही रोगी दिसतें. मेण किंवा साबणाचा चिकट लगदा लावून ती बुजवावी. इंजिन उघड्यावरच चालवावें आणि पट्ट्यापासून धोतर-साडीचे पदर दूर असावे, हें वेगळें सांगावयास नको. तरी सांगितलेलें बरें.

आतां नळींत एका बाजूचें पाणी वर चढतें, दुसऱ्या बाजूचें खालीं उतरतें. या दोन पातळ्यांमधील अंतर मोजावयाचें. नुसती एका बाजूची चढण नव्हे. ही चूक फार सामान्य आहे आणि ती मोठी घातक आहे, कारण तिनें अंतर निम्में दिसतें आणि निरोगी इंजिनाची हवा जवळ जवळ तीन-दशांशानें कमी भरते. मग मेस्त्री नसलेला रोग शोधीत बसतो.

अंतरावरून हवा काढण्याचें गणित आठ-नऊ इयत्ता शिकलेल्या मुलास करतां येईल. रेडिओवर आंकडे ऐकून ध्यानांत राहत नाहींत. ज्यांस हवे असतील त्यांनीं पेन्सिल घ्यावी. पाण्याचें अंतर सेंटिमीटरांत मोजावें, त्याचें वर्गमूळ काढावें आणि अडीचनें गुणावें. सेकंदास किती लिटर हवा जाते तें निघतें. हा अडीच आंकडा २० मिलिमीटरांच्या भोंकाचा आणि नरसिंहपूरच्या उंचीवरील उन्हाळ्यांतल्या हवेचा आहे; दुसऱ्या भोंकास दुसरा आंकडा. एक सेंटिमीटरास अडीच लिटर, चार सेंटिमीटरांस पांच लिटर, नऊ सेंटिमीटरांस साडेसात. अंतर चौपट झालें तेव्हां कोठें हवा दुप्पट होते, हें यांतलें मर्म होय. वर ज्या इंजिनाचें उदाहरण घेतलें त्याचें पाणी निरोगी स्थितींत साडेपांच सेंटिमीटरांच्या आसपास उभें राहतें. साडेपांचाचें वर्गमूळ २.३५, त्यास अडीचनें गुणिलें कीं ५.९ लिटर. तेंच अंतर तीन सेंटिमीटरांवर आलेलें दिसलें तर हवा ४.३ लिटर, म्हणजे चतुर्थांशाहून अधिक घट. धूर कोठून येतो याचा येथें उलगडा होतो, आणि अद्याप एकही बोल्ट सैल करावा लागलेला नसतो.

भोंक २० मिलिमीटरांचेंच कां, असा प्रश्न एखादा चौकस मुलगा विचारील. १५ मिलिमीटरांचें घेतलें तर पाणी १७ सेंटिमीटर ओढलें जाईल. वाचण्यास सोपें, पण तेवढ्यानें इंजिनाचाच श्वास कोंडतो. ३० मिलिमीटरांचें घेतलें तर इंजिन मोकळें राहतें, पण पाणी सेंटिमीटरभरच हलतें आणि वाचणाराचा डोळा फसतो. साडेपांच सेंटिमीटरांची ओढ म्हणजे हवेच्या एकंदर दाबाचा सुमारें दोनशांवा भाग. एवढी मोजणी इंजिनास बाधत नाहीं.

वाचनाच्या वेळीं इंजिनाचे फेरे मात्र मोजलेच पाहिजेत. १५०० चे १२०० झाले तर हवा आपोआप कमी होते आणि त्यांत रोग कांहींच नसतो. फेरे मोजण्याचें लहानसें यंत्र आतां फार महाग राहिलेलें नाहीं. एक सोय अशी कीं, डीझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेंत पेट्रोल इंजिनासारखी कमीजास्त उघडणारी झडप नसते. भार वाढला कीं गव्हर्नर तेल वाढवितो, हवा तेवढीच राहते. म्हणून पंपावर पूर्ण भार नसला तरी वाचन चालतें.

खरी मौज पुढें आहे. पाणी तीन सेंटिमीटरांवर उभें असतांना हवा गाळण्याचा डबा काढून पिंपाची नळी थेट इंजिनास लावावी. पाणी झर्रकन् साडेपांचावर गेलें तर दोष डब्याचा. रॉकेलनें धुवावा, नवें तेल भरावें, काम संपलें. पाणी जागचें हललें नाहीं, तर धुराड्याची नळी सोडवून पाहावें. काजळीनें तिचें तोंड बुजलें असलें तर जळका धूर सिलिंडरांतच उरतो आणि ताज्या हवेस जागा राहत नाहीं. (अशा वेळीं आवाज कानठळ्या बसविणारा होतो; शेजाऱ्यांस आधीं कल्पना द्यावी.) त्यानेंही फरक न पडला तर झडपांच्या टॅपेटची फट तपासावी. फट वाढली असली कीं झडप उशिरां व कमी उघडते. इतकें होऊनही पाणी खालींच राहिलें, तर मात्र हेड उघडण्यास आधार आहे. आणि पहिल्याच वाचनास पाणी साडेपांचावर असून धूर येत असेल तर हवेची बाजू बहुतेक निर्दोष आहे. मग नोझल, पंप यांकडे खुशाल जावें. अशा वेळीं मेस्त्रीचा पहिला शब्दच खरा ठरतो, आणि तो आतां नुसता शब्द राहत नाहीं.

एक दुखणें मात्र हें साधन पकडूं शकत नाहीं. रिंगा व लायनर झिजले असले तर हवा आंत पुरेशी येते, परंतु दाबली जातांना बाजूनें निसटते. पिंपाच्या मापांत ती भरलेली दिसते. तेथें दाबाचें घड्याळच लावावें लागतें.

ज्या कारखान्यांत हेडें दुरुस्तीस येतात तेथें हेंच साधन थोडें वाढवून नुसत्या हेडाची परीक्षा करतां येते. दोन पिंपें घ्यावीं. पहिल्यावर जुन्या लायनरचा तुकडा उभा करून त्यावर हेड बसवावें. दोन्ही पिंपांच्या मध्यें भोंकाचा पत्रा. आणि दुसऱ्या पिंपांतून हवा ओढावयास लोहाराच्या भट्टीस हल्लीं भात्याच्या जागीं जो विजेचा ब्लोअर असतो, त्याचें ओढण्याचें तोंड. पाण्याच्या नळ्या दोन लागतात: एक हेडावर किती ओढ आहे तें दाखविते, दुसरी पत्र्यावर किती. पहिलींतली ओढ नेहमीं एकच, समजा दहा सेंटिमीटर, ठेवावी. अमेरिकेंतले शर्यतीच्या मोटारींचे कारागीर यासाठीं २८ इंच पाण्याची ओढ प्रमाण मानतात. लोहाराच्या ब्लोअरास तें झेपणार नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. झडपेच्या जड स्प्रिंगऐवजीं हलकी स्प्रिंग घालून, बोल्टनें ती एक एक मिलिमीटर उघडीत जावें आणि दर मिलिमीटरास दुसऱ्या नळींतला आंकडा लिहावा.

येथें एक जुना नियम डोळ्यांसमोर उभा राहतो. झडप आपल्या व्यासाच्या चतुर्थांशाएवढी उचलली गेली कीं तिच्या कडेभोंवतीची वाट आणि तोंडाचें क्षेत्रफळ सारखें होतें. ३६ मिलिमीटरांची झडप असेल तर ९ मिलिमीटर. त्यापुढें ती कितीही उघडली तरी हवा फारशी वाढत नाहीं. त्याच्या आधीं मात्र झडपेच्या बैठकीची घडण फार महत्त्वाची असते. पुनः पुनः घासून घासून बैठक खोल गेली कीं झडप खड्ड्यांत बसल्यासारखी बुडते आणि पहिल्या दोन-तीन मिलिमीटरांत हवा अडते. डोळ्यांस हें हेड नवें दिसतें, कारण तें घासून चकचकीत केलेलें असतें! नव्या हेडाचे आंकडे एका बाजूस व याचे दुसऱ्या बाजूस लिहिले म्हणजे चकचकाटाची किंमत कळते. राइट बंधूंचा तराजू जसा वाऱ्याच्या वेगाची पर्वा न करतां खरें सांगे, तसेंच येथेंही. ब्लोअर थोडा दुबळा असला तरी दोन्ही हेडांस तो सारखाच दुबळा असतो.

कित्येक होतकरू तरुण हवेची वाट कोरून मोठी करतात आणि आंकडा वाढलेला पाहून हर्षभरित होतात. त्यांनीं थोडें थांबावें. लहान डीझेल इंजिनांत ती वाट मुद्दाम वांकडी ओतलेली असते; हवा सिलिंडरांत शिरतांना भोंवऱ्यासारखी फिरावी आणि तेलाशीं मिसळावी, असा तींत हेतु असतो. ती सरळ केली कीं हवा अधिक आली तरी भोंवरा मेला, आणि धूर उलट वाढला, असें होण्याचा संभव असतो. हें साधन हवा किती आली तें सांगतें. ती कशी फिरली तें सांगत नाहीं.

ऋतुमानाचाही विचार ठेवावा लागतो. मार्गशीर्षांत पहांटे दहा अंश उष्णमान आणि वैशाखांत दुपारीं चाळीस, या दोहोंत हवेचें वजन शेंकडा दहानें कमीजास्त होतें. गरम हवा लिटरांत तेवढीच, पण वजनांत हलकी. म्हणून थंडींत निर्धूर चालणारें इंजिन उन्हाळ्यांत थोडें काळवंडलें तर लगेच त्याच्या अंगास पाना लावूं नये. आज दुपारचें वाचन व उद्यां पहांटेचें वाचन यांची तुलना करूं नये. वेळ एकच धरावी.

या सर्वांत जें एक काम लोक कंटाळ्यानें टाळतात तें म्हणजे इंजिन चांगलें असतांना त्याचें वाचन घेऊन ठेवणें. आजारी इंजिनाचा आंकडा एकटा असला तर तो मुका असतो. पेरणीपूर्वीं, इंजिन धुवून-पुसून सज्ज केलें असतां, अर्धा तास खर्चून तारीख, वेळ, फेरे आणि पाण्याचें अंतर अशा चार गोष्टी गोठ्याच्या दाराच्या आंतल्या बाजूस तेलरंगानें लिहाव्या. खडूनें लिहिल्या तर गुरांच्या अंगास पुसल्या जातात. पिंप मग पुनः पाण्यासाठीं मोकळें होतें, पाणसळीची नळी गवंड्यास परत जाते. भोंकाचा पत्रा तेवढा तेलाचा हात फिरवून, चिंधींत गुंडाळून, खिळ्यास टांगावा. तो ठोकण्यासाठीं टेकू म्हणून, किंवा डब्यावरचें झांकण म्हणून, कोणास देऊं नये, कारण त्याची ती तीक्ष्ण कड एकदां बोथट झाली कीं दारावर लिहिलेला आंकडा त्यास ओळखणार नाहीं.